जाळं ओढणाऱ्यांची धडधड

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या मनगटांना, बोटांना आणि डोक्यांना तारा जोडत भंडारा जिल्हाभर हिंडलो. पवनीच्या बाजारात भाजी घेताना अजूनही कुणीतरी हाक मारतं, "काय धडधडवाले सर, आज कोनाचं मोजून राहिले?" कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो, पगार त्याचाच मिळायचा, पण जीव संशोधनात अडकलेला. संपादकांनी फोन करून सांगितलं, की तुमच्या क्षेत्रातल्या यशाबद्दल लिहा. हे ऐकून आमची सौभाग्यवती आतून म्हणाली, "एका पानात होईल." म्हणून मी घोडचुकांचा विषय घेतला आहे.

आधी आमचा धंदा सांगतो. माणसाला राग आला, भीती वाटली, आनंद झाला की ते नुसतं मनात राहत नाही. मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग आहे, तो धोक्याची चाहूल लागताच शरीराला हाकारे घालतो. काळीज जोरात चालतं, तळहाताला घाम सुटतो, श्वास आखूड होतो. हे सगळं यंत्राला मोजता येतं. यंत्राला एकच गोष्ट सांगता येत नाही, की हे कशामुळे झालं. लॉटरी लागलेल्या माणसाचं आणि मागे कुत्रं लागलेल्या माणसाचं काळीज कागदावर जवळपास सारखंच दिसतं. ही झाली शरीराची बाजू. माणसं एकत्र आली की त्यांच्या भावनांचं काय होतं, एकाची धडधड दुसऱ्याला लागते का, हे पाहणं म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. माझं दुकान या दोन्हींच्या सीमेवर होतं. सीमेवरच्या दुकानदाराला दोन्ही गावं परका समजतात, तसं माझं झालं. मेंदूवाले म्हणत, हा गप्पा मारतो. समाजवाले म्हणत, हा तारा जोडतो.

सुरुवातीला माझ्याकडे यंत्र नव्हतं, फक्त प्रश्नावली होती. 'आज तुम्ही किती समाधानी आहात? एक ते सातमध्ये सांगा.' ती घेऊन मी लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात आठवडाभर घरोघरी बसलो. झाडून सगळ्या गावाने सात सांगितलं. मी हरखलो. जगातलं सर्वांत सुखी गाव मला सापडलं होतं आणि ते दिघोरीपासून सायकलच्या अंतरावर होतं. शोधनिबंध लिहिला, वाचला, टाळ्या घेतल्या. पुढच्या वर्षी त्याच गावात एका धानवाल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो असताना सहज विचारलं, की खरंच तुम्ही सगळे एवढे सुखी आहात का हो? त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"सर, तुमी घरी आले, च्या पिऊन राहिले, आन मी तुमाले दोन सांगू? माह्या बायकोनं मले घरात घेतलं असतं काय?"

पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही त्या गावची रीत. मी समाधान मोजत नव्हतो, पाहुणचार मोजत होतो. मी त्याला गळ घातली, की आता तरी खरं सांगा. त्याने बराच विचार केला आणि सहा सांगितलं.

त्यानंतर मी शपथ घेतली, की माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, यंत्रावर ठेवायचा. विद्यापीठाकडून मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी उसनी आणली. पहिलं गिऱ्हाईक पवनीचे एक कापड दुकानदार. त्यांना खुर्चीत बसवलं, डोक्याला चिकट मलम लावून टोपी घातली, समोर भीतीची, दुःखाची चित्रं सुरू केली. शेटजींच्या लहरी इतक्या संथ, की मी थक्क झालो. वहीत लिहिलं, 'विलक्षण भावनिक समतोल.' चित्रं संपली तरी शेटजी उठेनात. त्यांना दुपारी जेवल्यावर अर्धे डोळे उघडे ठेवून झोपायची सवय आहे, हे त्यांच्या नोकराने सांगितलं.

एवढ्यावरून वाचकांनी ओळखलंच असेल, की पुढचा प्रसंग घडायचा होता तो माझ्याच हातून घडायचा होता. मात्र त्यात नुकसान माझं नव्हतं. ते अर्चनाचं होतं.

अर्चना माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. नाकाडोंगरीकडची, वडील मँगनीजच्या खाणीत होते. लेकीला आईपाशी ठेवून ही पवनीत खोली घेऊन राहत होती. मूल लहान म्हणून दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली. विद्यापीठाने कळवलं होतं, की ही शेवटची. वर्षाखेरपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षांचं काम त्या तारखेला बांधलेलं होतं.

तिचा विषय सुरेख होता. माणसं एकत्र कष्ट करतात तेव्हा त्यांची काळजं एका लयीत येतात का? आमच्याकडे हे बघायला तलावासारखी जागा नाही. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं, की ढिवर, म्हणजे मासेमारी करणारी मंडळी मोठं जाळं टाकतात. बारा जण सहा-सहा करून दोन टोकांनी दोर धरतात, कमरेएवढ्या पाण्यातून जाळं ओढत काठाला आणतात. एकाने ढिलाई केली तर खालून रोहू-कतला निसटून जातो. दिघोरीच्या अलीकडच्या एका गावच्या मंडळींनी होकार दिला. त्यांचा म्होरक्या झिबलभाऊ, चाळिशीचा, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसणारी सुभद्रामाय. सत्तरीपुढची बाई. जाळं पडलं की ती पाळीवर ठरलेल्या दगडावर येऊन बसायची आणि जाळं निघेपर्यंत हलायची नाही. नवरा, दीर, मुलगे, सगळ्यांची जाळ्याची ओढणी तिने तिथूनच पाहिली होती. मी तिला नमस्कार केला आणि पुढे गेलो. संशोधनाच्या दृष्टीने ती मला बिनकामाची वाटली.

विद्यापीठातून मनगटावर बांधायचे बारा पट्टे आणले. घड्याळासारखा पट्टा, आतून हिरवा उजेड टाकून नाडी मोजतो आणि स्वतःच नोंद ठेवतो. समाजमंदिरात सगळ्यांना बसवून मी बजावलं, की हा पट्टा बंद करायचा नाही, खाली ठेवायचा नाही, काही झालं तरी अंगावरून उतरता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अर्चना म्हणाली, "सर, मी पाळीवर बसते ना. मायजवळ."

मी नाही म्हटलं. आपण जवळ असलो की माणसं नैसर्गिक वागत नाहीत, हा माझा वर्गात शिकवायचा आवडता धडा. आम्ही दोघं तलावाच्या पलीकडच्या अंगाला मोहाच्या झाडाखाली बसलो. तिथून माणसं हरभऱ्याएवढी दिसत. मी दुर्बीण आणली होती, ती बगळे बघण्यात खर्ची पडली. पट्ट्यांत हाताची हालचाल टिपायची सोय होती. बॅटरी वाचावी म्हणून तीही मीच बंद ठेवली. मार्च महिन्यात चार ओढण्या झाल्या. दर वेळी मंडळी समाजमंदिरात परत येत आणि बाराही पट्टे आपापल्या मनगटांवरून काढून शिस्तीत परत देत.

संगणकावर नोंदी पाहिल्या आणि माझ्या तळहाताला घाम सुटला. सुरुवातीला बारा रेघा बारा वाटांनी चाललेल्या. जाळं पाण्यात गेलं, की काही मिनिटांत बाराही एकमेकींवर बसत. चढली तर सगळ्या मिळून, उतरली तर सगळ्या मिळून. जाळं काठाला लागलं की पुन्हा वेगळ्या. चारही दिवस तसंच. असं एकमेकांत मिसळलेलं काळीज मी कुठल्याच नोंदीत पाहिलं नव्हतं.

अर्चना रेघांकडे बघत राहिली. "सर, पाण्यातून जाळं ओढणाऱ्या माणसाची धडधड इतकी कमी कशी? हे तर बसलेल्या माणसासारखं आहे."

मी तिला समजावलं, की मिळून काम केल्याने भार वाटला जातो. हे वाक्य सुचलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. विद्यापीठाच्या चर्चासत्रात मी तेच वाक्य दोनदा म्हटलं. 'बारा देह, एक काळीज' असंही म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, माझ्याच. अर्चनाच्या प्रबंधाचा मुख्य भाग तयार झाला. तिने लेकीला फोन करून सांगितलं, की दिवाळीत आई घरी असेल.

अर्चनाचा एक नियम होता. ज्यांच्याकडून नोंदी घेतल्या, त्यांना निष्कर्ष आधी सांगायचे, मग छापायचे. चर्चासत्राच्या घाईत मी तो नियम आधीच मोडला होता. म्हणून एप्रिलच्या अखेरीस तिने आग्रहाने मला गावात नेलं. समाजमंदिर भरलं. मी भिंतीवर रेघा दाखवल्या आणि चर्चासत्रातलं भाषण जरा सोपं करून पुन्हा दिलं. बारा देह, एक काळीज. मला वाटलं, आता टाळ्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याला कोपर बसल्याचा आवाज आला. झिबलभाऊ छताकडे बघत होता.

मग बायकांच्या बाजूने सुभद्रामाय बोलली.

"सर, ते बारा जन नायी. ते मी एकलीच होती."

मला काही उमजेना. झिबलभाऊने घसा साफ केला.

"जाळ्याच्या कामात मनगटावर धागाबी ठेवत नायी, सर. दोरात अटकलं तं मानूस पान्याखाली जाते. आंगठी, कडं, घड्याळ सारं आमी मायच्या हाती देतो. ते जमिनीवर ठेवत नायी, पिशवीत घालत नायी. हातातलं हातातच राहाले पायजे, म्हनून माय सारं आपल्या हातात घालून बसते. माह्या आजापासून असंच आहे."

"पण मी सांगितलं होतं, अंगावरून उतरवू नका."

"तं आंगावरच होते ना," झिबलभाऊ म्हणाला. "मायच्या."

सहा या हातात, सहा त्या हातात, कोपरापर्यंत. मी पलीकडच्या काठावरून दुर्बिणीने बगळे बघत असताना माझं सगळं संशोधन एका म्हातारीच्या पदराखाली होतं. मी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं काहून नाही? तर झिबलभाऊ म्हणाला, की तुम्ही कधी विचारलं? आणि आज तर तुम्ही इतके खुश दिसत होते, की तोंड उघडायची हिंमत होईना. सुभद्रामाय मात्र अर्चनाकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं, की यात कुणाचं काय गेलं.

परतताना अर्चना स्कूटी चालवत होती आणि मी मागे बसलो होतो. पवनीच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो, आणि तिथे मी ते बोललो ज्याची आजही लाज वाटते. म्हटलं, हे फक्त त्या गावाला माहीत आहे. ते कुठे विद्यापीठात सांगायला येणार आहेत? तू प्रबंध दे. तुझं वर्ष, तुझी लेक... माझा हेतू चांगला होता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं कारण हे, की चर्चासत्रात डोळ्यांत पाणी आणून बोललेला माणूस मी होतो.

अर्चनाने कप खाली ठेवला. "मले माहीत आहे ना, सर."

एरवी माझ्याशी पुस्तकी बोलणारी ही पोर, चिडली की नाकाडोंगरीची होत असे. दुसऱ्या दिवशी तिने विद्यापीठाला पत्र लिहिलं, की चर्चासत्रात मांडलेल्या नोंदी बारा जणांच्या नसून एकीच्या आहेत, त्या मागे घेत आहोत. खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही. सही करायला मला दोन दिवस लागले.

ती मात्र तोवर पुन्हा त्या रेघांपाशी जाऊन बसली होती. एका सकाळी कॉलेजात आली ती बाराही रेघांचे कागद घेऊन.

"सर, हे एकाच बाईचं काळीज आहे, बरोबर? आणि ती नुसती बसलीये. मग बसलेल्या बाईचं काळीज मधेच इतकं का उसळतं?"

मी कागद पाहिला. चारही दिवस, जाळं अर्ध्यावर आल्यावर, रेघ अचानक वर चढत होती. मी त्या चढावर चर्चासत्रात तीन वाक्यं बोललो होतो, पण त्याचं कारण शोधायचं मला सुचलं नव्हतं.

अर्चना तो कागद घेऊन पाळीवरच्या दगडावर मायशेजारी जाऊन बसली. या वेळी तिने मला विचारलं नाही. मायने तिला तलाव समजावला. मधोमध पाण्याखाली एका जुन्या झाडाचा बुंधा आहे. जाळं तिथे आलं, की अडकायचा धोका. अडकलं की फाटतं किंवा ओढणारा तोल जाऊन पडतो. पाण्यात असलेल्याला तो दिसत नाही. काठावरून दोराला पडलेला झोल दिसतो, आणि माय तो पन्नास वर्षं बघत आली होती. ओढणाऱ्यांना अडकल्याचं कळायच्या आधी तिला कळत होतं. तिच्या काळजाला तर तिच्याही आधी कळत असेल, अशी अर्चनाला शंका आली.

विषय तोच राहिला, प्रश्न बदलला. ओढणारे आणि बघणारी, यांची काळजं जुळतात का, आणि पुढे कोण धावतं? मे महिना अर्ध्यावर आला होता. पाऊस पडून तलाव भरला, की जाळं बंद. हातात दोन-तीन आठवडे.

आता मनगट नको, हे एक तरी मी शिकलो होतो. एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाकडून धावपटूंच्या छातीला बांधायचे पट्टे मिळवले. बनियनच्या आत बसतात, दोराला लागत नाहीत. मायच्या मनगटावर एक पट्टा, एकच. पाळीवर बसणाऱ्या आणखी काही बायकांना एकेक, आणि जाळ्याशी काही देणंघेणं नसलेल्या, नुसतं बघायला आणलेल्या माझ्या दोन सहकाऱ्यांना एकेक. गावाने त्या हंगामात थांबलेली ओढणी पुन्हा सुरू केली. झिबलभाऊला मी म्हटलं, तुम्ही आमच्यासाठी तसदी घेताय. तो अर्चनाकडे बघून म्हणाला, "तुमच्यासाठी नायी. त्या बाईसाठी." मीही त्या मोहाच्या झाडाखाली गेलो नाही. चपला काढून पाळीवर बसलो. सकाळी सहालाच दगड तापायला लागत. दर ओढणीला मायने त्या बारा जणांची कडी आणि अंगठ्या हातात चढवल्या, आणि अर्चनाने एकेक वस्तू कुणाची, कुठल्या हातात, हे वहीत लिहून ठेवलं.

नोंदी पहिल्यासारख्या देखण्या आल्या नाहीत. बारा रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत. कधी जवळ येत, कधी फाटत. माझे सहकारी तर जाळं अडकलं तेव्हा बिस्किटं खात होते आणि त्यांची रेघ तशीच सांगत होती. पण बुंध्यापाशी जाळं आलं, की बहुतेक वेळा मायची रेघ आधी चढे, मग ओढणाऱ्यांची, मग शेजारच्या बायकांची. एकदा मायचं काळीज चढलं आणि जाळं अडकलंच नाही. तेही अर्चनाने प्रबंधात लिहिलं. पहिल्या चार दिवसांची संपूर्ण हकिगत तिने एका स्वतंत्र प्रकरणात लिहिली आणि त्याला नाव दिलं, 'चूक'. त्यात माझा उल्लेख 'मार्गदर्शक' असा एकोणीस वेळा आहे. मी मोजले. प्रबंध वर्षाखेरीच्या चार दिवस आधी गेला.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. त्या दिवशी सभागृहात नेहमीचे दहा-बारा प्राध्यापक, आणि मागच्या रांगेत झिबलभाऊ, त्याच्या शेजारी सुभद्रामाय, नव्या लुगड्यात, मांडी घालून खुर्चीवर. अर्चनाची आई आणि लेकही होती. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. 'चूक' हे प्रकरण त्यांनी बारकाईने वाचलेलं होतं. एकदा माझ्याकडे बघून ते जरा थांबले, मला वाटतं बिचारे हसू आवरत असावेत. मग शेवटचा प्रश्न त्यांनी असा विचारला, की मी अर्चनाच्या जागी असतो तर खाली बसलो असतो.

"मॅडम, काळजाची गती वाढली हे तुम्ही दाखवलंत. पण यंत्र भावना सांगत नाही. ही भीती आहे की आनंदाची उत्कंठा? हे तुम्ही कशावरून ठरवणार?"

अर्चनाने खरं ते सांगितलं, की नोंदींवरून ठरवता येत नाही. मुलाखतीत मायला विचारलं होतं, पण तिथे पर्याय तिनेच दिले होते, म्हणून ते उत्तर तिने वापरलं नाही. मग ती म्हणाली, "त्या इथेच बसल्या आहेत, सर. परवानगी असेल तर…"

परीक्षकांनी चष्मा काढला आणि मागे पाहिलं. सगळं सभागृह वळलं. त्यांनी प्रश्न साध्या शब्दांत विचारला, की आजी, जाळं मधे आलं की तुम्हाला भीती वाटते, की आता मासा मिळणार म्हणून आनंद होतो?

सुभद्रामायने दोघा-तिघांकडे पाहिलं, की हा प्रश्न आपल्यालाच आहे ना. मग दोन्ही हात उचलून, मुठी वळून, दोर धरल्यासारखे छातीशी आणले.

"भेव कायले, आन आनंदबी कायले, साहेब," ती म्हणाली. "मी वढून राहिली होती."

परीक्षकांनी ते वाक्य जसंच्या तसं आपल्या कागदावर लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी अर्चनाला डॉक्टर म्हणून हाक मारली आणि पुढचं विचारलं, की हे आता मोजायचं कसं? त्यावर ती दोघं इतका वेळ बोलत बसली, की मागे झिबलभाऊने मायला बाहेर नेऊन चहा पाजून परत आणलं तरी ती बोलतच होती.